विद्यापीठाचा बहुउद्देशीय हॉल कसा चालवावा: मोफत मार्गदर्शन

स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरापर्यंत कोर्टावर सत्कार समारंभ, आणि सकाळी आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटनला आलेल्या पोरी लाईनीवरचे मठ्ठ्याचे डाग खरवडतायत. परवाच पाहायला मिळालेलं हे नियोजन सगळ्यांना जमेल असं नाही. म्हणून मराठवाड्यात कुठल्याही विद्यापीठाचा हॉल तुमच्या ताब्यात आला, तर एवढं लक्षात ठेवा.

बुकिंगच्या वहीत आधी दीक्षान्त, मग नोकरी मेळावा, मग प्रदर्शन, मग आपल्यातल्याच कुणाच्या तरी मुलीचं लग्न. उरलेल्या तारखा खेळाला द्या. त्या परीक्षेच्या काळात आल्या तर उत्तमच, गर्दी होत नाही.

आता वुडन कोर्ट. मेपलच्या वीस-बावीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या, खाली प्लायवूड, त्याखाली रबरी पॅड. उडी मारून पोरगं खाली आलं की हा सांगाडा किंचित दबतो आणि गुडघ्याला बसणारा दणका स्वतः खातो. एवढे लाड कशाला? खुर्च्या लोखंडीच मागवा, पायाच्या रबरी टोप्या गळालेल्या आहेत ना तेवढं बघून घ्या. रांग सरळ करताना खुर्ची उचलायची नाही, ओढायची. कार्पेट चिकटपट्टीनं थेट फळीवर डकवा. काढताना पॉलिश आणि लाईन दोन्ही सोबत निघतात, मजुरी वाचते. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, पाहुण्यांना घाम फुटू नये म्हणून भिंतीला चार दांडगे कूलर लावा, टाकी गळकी असेल तर फारच छान. या लाकडाला 35 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. दिवसभर आपल्याकडची कोरडी झळ लागून फळ्या आकसतात, संध्याकाळी कूलरची ओली हवा पिऊन फुगतात. गळकं पाणी खालून मुरलं की फळीच्या कडा वर येतात, मध्ये पन्हळ पडते, आणि बास्केटबॉल टप्पा घेऊन भलतीकडेच जातो. मग म्हणायचं, पोरांना ड्रिबलिंग येत नाही.

फुगलेल्या लाकडाला सरकायला भिंतीलगत चार-पाच सेंटिमीटरची फट सोडलेली असते, वरून पट्टी असते म्हणून ती दिसत नाही. पट्टी निघाली की फट दिसते, आणि दिसली की ठेकेदार ती सिमेंटनं बुजवतो. बिलात ‘फिनिशिंग’! पावसाळ्यात फळ्यांनी जायचं कुठं? मधोमध तंबूसारख्या उचलतात. मग नवी निविदा, नवं कोर्ट, पुन्हा तोच ठेकेदार. आणि रोज सकाळी फिनाईलची अख्खी बादली ओतणारा तो महाभाग! अहो, लाकडावर कोरडा रुंद मॉप फिरवायचा असतो, दहा मिनिटांचं काम आहे. तेवढंही होत नाही?

असो. पुढचे सल्ले थोडक्यात.

दिवे बरोब्बर कोर्टाच्या डोक्यावर लावा, म्हणजे स्मॅशसाठी मान वर केली की शटल सोडून सगळं दिसतं.

नेट मध्यभागी 1.524 मीटर आणि खांबाजवळ 1.55 लागतं. सुतळीनं बांधा, कोण मोजतंय.

व्हेंटिलेटरच्या फुटक्या काचा बदलू नका, पारव्यांनी कुठं जायचं?

पत्र्याचं छत आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज इतका घुमतो की भाषणातलं एक वाक्य धड कळत नाही. ही एवढी सोय मात्र जपा.

29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन. त्या दिवशी कोर्टावर स्टेज टाकून, बुटांसकट वर चढून, बीडच्या धावपटू अविनाश साबळेचं आणि धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेचं नाव घ्यायचं. काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, हे माईकवर दोनदा सांगायचं. टाळ्या. खो-खोची मॅट मात्र जिन्याखाली घडी घालून उंदरांच्या हवाली.

बास झालं. लाज वाटायला हवी. क्रीडा शुल्क दरवर्षी प्रत्येक पोरगं भरतं, ऊसतोड मजुराचं पोरगंसुद्धा, आणि त्याच्या वाट्याला मठ्ठ्यानं चिकट झालेलं कोर्ट येतं. कार्यक्रम घ्यायचेच असतील तर रीतीनं घ्या ना! आधी मऊ फोमची शीट, तिच्यावर 12 मिलिमीटरचं प्लाय, मग कार्पेट. स्टेजच्या प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा. जेवणावळ बाहेर मंडपात, पाण्याचा जार आणि कूलर दाराच्या आत नको. मंडपवाल्याकडून आधी अनामत घ्या, कार्यक्रम संपल्यावर क्रीडा विभागाचा माणूस त्याच्यासोबत हॉल फिरेल, चरा दिसला की पैसे कापा. आणि स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस हॉल कुणालाही द्यायचा नाही. साहेब येणार असतील तर त्यांना नाट्यगृहात न्या, तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्याच असतात.