पहिल्या फेरीत कोणासमोर कोण, हे चिठ्ठीवर सोडू नका

आज दुपारी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एका आंतरशालेय क्रिकेट सामन्याच्या धावफलकाचा फोटो टाकला. एका शाळेच्या धावा सहाशेच्या पुढे आणि दुसरीच्या तिसाच्या आत. खाली टाळ्यांची आणि अभिनंदनाची रांग लागली होती. या ग्रुपमधली माणसे वाईट नाहीत, बहुतेकांना स्वतःची मुले आहेत. तरीही पहिल्याच फेरीत हे दोन संघ एकमेकांसमोर कोणी उभे केले, असा प्रश्न एकालाही पडला नाही. मी तो विचारला, तेव्हा ‘ड्रॉ आहे, निघेल तसा निघतो’ एवढेच उत्तर आले. ड्रॉ म्हणजे कोणाची गाठ कोणाशी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे. त्या उत्तराने माझे डोके अजून तापलेले आहे.

ड्रॉ आपोआप निघत नाही. चिठ्ठ्या कोणाच्या टाकायच्या, कोणत्या शाळांना वेगळ्या गटात ठेवायचे, डाव किती षटकांचा, दंड कशाबद्दल, हे सगळे मोठ्या माणसांनी बसून ठरवलेले असते, आणि त्याचे परिणाम तेरा-चौदा वर्षांची मुले उन्हात उभी राहून भोगतात.

नोव्हेंबर 2019 मधला हॅरिस शील्डचा, म्हणजे मुंबईतल्या सोळा वर्षांखालील आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेचा, पहिल्या फेरीचा सामना आठवा. आझाद मैदानावर एका संघाने 4 बाद 761 धावा केल्या आणि समोरचा संघ 7 धावांत संपला. त्या सातही धावा अवांतर होत्या. एकाही मुलाच्या बॅटमधून धाव निघाली नाही. 754 धावांचा विजय म्हणून देशभर बातम्या झाल्या आणि लोक हसले. त्या 761 मधल्या 156 धावा मात्र दंडाच्या होत्या, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. तीन तासांत 45 षटके टाकायची होती, हरलेल्या संघाच्या मुलांची 39 झाली, म्हणून उरलेल्या सहा षटकांबद्दल दीडशेवर धावा त्यांच्या डोक्यावर चढवल्या गेल्या. जो संघ तीन तास सीमारेषेबाहेरून चेंडू आणण्यातच दमला, त्याला वेळ लावला म्हणून शिक्षा करणारा नियम कोणाच्या भल्यासाठी लिहिला आहे?

मला हे इतके लागते, त्याला कारण आहे. माझा भाचा आठवीत असताना त्याच्या शाळेने मोठ्या हौसेने एका आंतरशालेय स्पर्धेत संघ उतरवला होता. शाळेला मैदान नाही. सराव इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, तोही टेनिसच्या चेंडूने. सीझन बॉल, म्हणजे सामन्यातला कडक चामडी चेंडू, त्या मुलांनी स्पर्धेआधी थोडे दिवसच हाताळला होता आणि पॅडच्या जोड्या संपूर्ण संघात मोजक्याच होत्या. पीटीचे सर स्वतःच्या खर्चाने मुलांना पहाटेच्या लोकलने चर्चगेटला घेऊन आले. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर आली ती अशी शाळा, जिच्या संघातली निम्मी मुले रोज सकाळ-संध्याकाळ प्रशिक्षकाकडे नेटमध्ये असतात. मी त्या दिवशी सुटी काढून मैदानावर गेलो होतो. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत आमची मुले फक्त धावत होती, आणि जेवणाच्या सुटीत भाच्याने डबासुद्धा नीट खाल्ला नाही. परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, “मामा, उद्या नाही आलो तर चालेल का?” दुसऱ्या दिवशी त्याची फलंदाजी होती.

इथे कोणीतरी नक्की सचिन आणि विनोद कांबळीच्या 664 धावांच्या भागीदारीची आठवण काढणार. ती मलाही प्रिय आहे. फेब्रुवारी 1988, हेच आझाद मैदान, हीच हॅरिस शील्ड. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. पण तो उपांत्य सामना होता. समोरचा सेंट झेवियर्सचा संघ आधीच्या फेऱ्या जिंकून तिथवर आला होता आणि त्यांच्याकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला. त्या धावांचे मोल आहे ते समोर कोण होते यामुळे. पहिल्या फेरीत सीझन बॉलला बिचकणाऱ्या मुलांविरुद्ध केलेल्या सहाशे धावांना तेच मोल देणे हा त्या 664 वर अन्याय आहे.

जानेवारी 2016 मध्ये कल्याणला भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेत प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. एवढा वेळ लक्ष न ढळू देता खेळणे सोपे नाही, आणि त्या मुलाविषयी मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. त्याच्या संघाने 3 बाद 1465 वर डाव घोषित केला आणि समोरचा संघ 31 व 52 धावांत बाद झाला. समोरच्या शाळेची मोठी मुले परीक्षेमुळे आलीच नव्हती, असे त्याच वेळी छापून आले होते. म्हणजे सोळा वर्षांखालील सामन्यात बरीच लहान मुले उभी होती, हे मैदानावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला दिसत होते, तरीही सामना थांबवता येईल असा नियम कोणाच्या हाती नव्हता. आपण विक्रमाच्या बातम्या वाचल्या. त्या अकरा मुलांपैकी कितीजण पुढच्या हंगामात मैदानावर आले, याची विचारपूस आपण कोणीच केली नाही.

भाच्याच्या शाळेचे मी सांगू शकतो. पुढच्या वर्षी शाळेने प्रवेशिकाच भरली नाही. मुख्याध्यापकांचे म्हणणे होते की पालक तयार नाहीत, आणि पालकांना दोष देण्याची माझी हिंमत नाही.

मुंबईत गुणी मुले चार-दोन शाळांत एकत्र येतात, हे नवे नाही. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिनने स्वतः वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात प्रवेश घेतला होता. प्रशिक्षक जिथे, तिथे मुले जाणार. त्यात गैर काहीच नाही. पण शाळांमधले अंतर असे वाढत असेल, तर ते अंतर लक्षात घेऊन सामने लावणे हे आयोजकांचे कर्तव्य ठरते. याच मुंबईत शालेय फुटबॉल डिव्हिजनमध्ये विभागून खेळवला जातो आणि तिथे कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. भारतीय क्रिकेट मंडळाने 2018-19 च्या हंगामात नागालँड, मिझोराम, मेघालय असे नवे संघ रणजीत घेतले, तेव्हा त्यांना थेट मुंबई किंवा कर्नाटकसमोर न टाकता प्लेट गटात, म्हणजे नवख्या संघांच्या वेगळ्या गटात, ठेवले. मानधन घेऊन खेळणाऱ्या प्रौढ माणसांना जी काळजी मिळते, ती आठवीच्या मुलाला का मिळू नये?

हरण्याचीही सवय मुलांना हवी, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. गट पाडल्याने सगळे मिटत नाही, हेही खरे. 2013 मध्ये पृथ्वी शॉने 546 धावा केल्या, तो हॅरिस शील्डचा सामना एलिट, म्हणजे वरच्या, गटातलाच होता. आणि खालच्या गटातल्या गुणी मुलाकडे निवड समितीचे लक्ष जाणार नाही, ही भीती अगदीच खोटी नाही. पण त्यावर उपाय हा की खालच्या गटातून वर जाण्याची वाट त्याच हंगामात खुली ठेवावी आणि निवड समितीने तिथलेही सामने पाहावेत. पहिल्याच फेरीत चिरडून टाकलेल्या संघातला गुणी मुलगा तरी आज कोणाला दिसतो?

एक गोष्ट लिहिताना आठवली, आणि राग थोडा ओसरला. भाच्याच्या त्या सामन्यात समोरच्या शाळेचा सातव्या-आठव्या क्रमांकाचा एक मुलगा सकाळपासून पॅड बांधून तंबूत बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. चेंडू तंबूजवळ आला की तो उठून आमच्या मुलांना परत फेकायचा आणि पाण्याची बाटली पुढे करायचा. त्या विजयातून त्याला काय मिळाले? त्यालाही कोणीतरी चुरशीचा सामना द्यायला हवा होता. त्याच्या प्रशिक्षकांना ते कळत नसेल असे मला वाटत नाही, पण ड्रॉ हातात आला की तेही हतबल असतात.

माझे मागणे अवघड नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या निकालांवरून शाळांचे गट करावेत. नव्याने उतरणाऱ्या शाळेची पहिली फेरी साखळी पद्धतीची असावी, म्हणजे एका सामन्यात सगळे संपणार नाही. धावांचा ठराविक टप्पा गाठला की पंचांनी डाव थांबवावा आणि उरलेल्या वेळेत तळाच्या फलंदाजांना खेळू द्यावे. षटके उशिरा टाकल्याच्या दंडात चेंडू आणण्यात गेलेला वेळ धरू नये.

ड्रॉ निघण्याआधी आयोजकांना असे पत्र देण्याचे मी ठरवले आहे. माझ्या मित्रयादीत जे क्रीडाशिक्षक आहेत, किंवा ज्यांची मुले शाळेच्या संघात आहेत, त्यांनी गेल्या हंगामात पहिल्या फेरीत आपल्या शाळेसमोर कोणता संघ आला आणि निकाल काय लागला, एवढे मला मेसेजमध्ये कळवावे. मुलांची नावे लिहू नयेत. पत्राला जोडण्यासाठी मला फक्त ते निकाल हवे आहेत.