नाका सातला, केंद्र नऊला

मागच्या महिन्यात एका लग्नात ओळखीच्या काकांनी विचारलं, "तुम्ही गर्दुल्ल्यांना रोज गोळी देता म्हणे. एक नशा सोडवायची आणि दुसरी लावायची, हे कसलं औषध?" पंगत उठायची वेळ होती, नीट बोलणं झालं नाही. ते उत्तर आज इथे लिहिते.

मी नर्स आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका ओएसटी केंद्रात (गर्दऐवजी देखरेखीखाली औषधाचा डोस देणारं केंद्र) सहा वर्षं डोस द्यायचं काम केलं. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कुटायची, भुकटी माणसाच्या जिभेखाली ठेवायची. ती विरघळेपर्यंत त्याने बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मग तोंड उघडून दाखवायचं, रजिस्टरवर सही करायची. उद्या परत तेच.

गर्दचा, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचा, असर चार-सहा तासांत उतरतो. मग टर्की सुरू होते: नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखी कळ, उलट्या, जुलाब, झोप नाही. ती टाळायला दिवसातून तीन-चार वेळा माल आणि मालासाठी पैसे शोधावे लागतात. त्या माणसाचा सगळा दिवस ह्यातच जातो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत त्याच जागी जाऊन बसतं, पण अर्धंच काम करतं. टर्की थांबते, तलफ उतरते आणि असर निदान दिवसभर टिकतो. ठरावीक मात्रेनंतर असर वाढायचा थांबतो, त्यामुळे श्वास बंद पडून मरण्याची भीती हेरॉइनपेक्षा पुष्कळ कमी. (दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर मात्र हीसुद्धा घातक ठरू शकते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.) गोळी घेतलेला माणूस झिंगत नाही, कामावर जातो. काका, नशा आणि औषध ह्यांत मला दिसलेला फरक हा आहे.

व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला पुण्याचं मुक्तांगण आठवतं. 1986 पासून त्यांनी हजारो घरं सावरली, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण काही आठवडे कुठेतरी भरती करून बाहेर सोडलं की काम झालं, हा जो समज लोकांत रुजलाय, तो गर्दच्या बाबतीत जिवावर बेततो. भरती असताना शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर पाय घसरला तर माणूस जुन्याच मापाने घेतो, आणि ते माप आता त्याला झेपत नाही. तुरुंगातून सुटलेल्यांचंही हेच होतं. तिहार तुरुंगात 2008 साली ओएसटी सुरू झालं, ते उगीच नाही.

हे खूळ आमच्या केंद्राने काढलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. फ्रान्सने 1990 च्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मोकळीक दिली, आणि चार-पाच वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे ही गोळी मुख्यतः एचआयव्हीच्या धास्तीने आली. 1990 च्या सुमारास मणिपूरमध्ये सुई टोचून घेणाऱ्यांत काही महिन्यांत निम्म्या लोकांपर्यंत विषाणू पोचला होता. म्हणून नॅकोचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, कार्यक्रम सुई टोचणाऱ्यांसाठी. पन्नीवर (चांदीच्या कागदावर) तापवून गर्दचा धूर ओढणारा माणूस आमच्या दारात आला की त्याला दुसरीकडे पाठवायचं. सुई धरेपर्यंत थांब, असंच आपण त्याला सांगतोय की काय, असं प्रत्येक वेळी वाटायचं.

पण मला खरं सांगायचंय ते वेळेबद्दल.

आमच्याकडे एक रंगारी यायचा. आठ वर्षं सुई. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात अंग धरलं, मुलीच्या शाळेचं दप्तर घेतलं, ते मला दाखवायला घेऊन आला. तो नाका कामगार, रोज सकाळी नाक्यावर उभं राहून दिवसाचं काम मिळवणारा. नाका सातला भरतो, साडेआठपर्यंत मुकादम माणसं उचलून नेतो. आमचं केंद्र नऊला उघडायचं. डोस घेतला तर रोजी बुडते, रोजी धरली तर डोस बुडतो. एक आठवडा त्याने डोस धरला, घरात पैसा नाही. पुढच्या आठवड्यात काम धरलं, दोन डोस चुकले, टर्की लागली आणि साइटवरूनच माल आणायला गेला. महिनाभर तो आला नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'ड्रॉपआउट' मी माझ्या हाताने लिहिलं. तो शब्द लिहिताना आजही लाज वाटते, कारण तो कुठेच गेला नव्हता. तो नाक्यावर उभा होता.

2020 च्या लॉकडाउनमध्ये नॅकोने घरी डोस न्यायची मुभा दिली. एकेकाला आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. मला वाटलं होतं, निम्म्या तरी विकल्या जातील. बहुतेक जण ठरल्या दिवशी परत आले, काहींच्या बायका मोजून आणायच्या. गोळ्या बाहेर जातच नाहीत असं मी म्हणणार नाही. काही जण त्या विरघळवून टोचतात, गळू घेऊन येतात, मी ड्रेसिंग केलंय. पंजाबातल्या केंद्रांतूनही गोळ्या बाहेर विकल्याच्या तक्रारी झाल्याच. तरी त्याच पंजाबने 2017 पासून ओपीडीतून ही गोळी द्यायला सुरुवात केली आणि पुढे स्थिरावलेल्या माणसाला घरी न्यायलाही दिली. गैरवापर कमी व्हावा म्हणून नालॉक्सोन (टोचून घेतल्यास नशा अडवणारं औषध) मिसळलेली गोळी असते, ती वापरावी. टीबीच्या गोळ्याही आपण वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत गिळायला लावत होतो. आज पेशंट त्या घरी घेतो. मग ह्याच लोकांवर भरवसा का नाही?

2019 च्या केंद्र सरकारच्या अहवालात देशात अफूवर्गीय पदार्थांमुळे उपचारांची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक मोजले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कमी, खाटा त्याहून कमी. म्हणून मागणी साधी आहे: ज्या वस्तीत नाका आहे तिथे सकाळी सहाला खिडकी उघडा. तीन महिने नियमित आलेल्याला आठवड्याचा डोस घरी द्या. पन्नीवाल्याला परत पाठवू नका. ह्याला नवीन इमारत लागत नाही. एक नर्स दोन तास आधी आली तरी निम्मं काम होतं, आणि अशा नर्सला त्या दोन तासांचा पगार द्या.

घरात कुणी असेल तर सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात विचारा. 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. नेताना एकच करा: शेवटचं कधी आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायला लावा. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात. आधी दिली तर तीच टर्की एकदम अंगावर येते, आणि घाबरलेला माणूस पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.