राउटरच्या यादीतलं अनोळखी नाव म्हणजे चोर नव्हे

सोसायट्यांच्या आणि पीजीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं सार असं: "ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका आणि राउटरची यादी उघडा. तुमचं वायफाय कोण वापरतंय ते नावासकट कळेल. अनोळखी नाव दिसलं की समजा चोर. त्याला ब्लॉक करा, नेटवर्कचं नाव लपवा, नाहीतर तुमचे ओटीपी त्याला दिसत राहतील."

याच मेसेजवरून आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलावर आळ आला. आम्ही चौघं भाडेकरू, राउटर एक आणि यादीत अकरा ओळी. त्यातली 'ईएसपी' आणि पुढे काही आकडे असलेली ओळ कोणालाच ओळखीची वाटेना. दोन दिवसांनी कळलं की तो हॉलमधला स्मार्ट बल्ब होता. एस्प्रेसिफ कंपनीची चिप अशा स्वस्त बल्बांत आणि प्लगांत सर्रास असते आणि ती स्वतःचं नाव असंच सांगते. आम्ही मावशींची माफी मागितली. तो मुलगा मात्र पुन्हा आमच्याकडे आला नाही.

म्हणून पहिला मुद्दा, 'कोण वापरतंय ते नावासकट कळतं'. कळत नाही. यादीत माणसं नसतात, उपकरणं असतात, आणि तिथलं नाव उपकरणाने स्वतःच सांगितलेलं असतं. त्याच्या शेजारी मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाच्या वायफायचा बारा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्याच्या पहिल्या सहांवरून कंपनी ओळखता येते, पण ती बहुतेकदा वायफायचा भाग बनवणारी कंपनी असते. त्यामुळे तुमचाच लॅपटॉप 'एझरवेव्ह' किंवा 'हॉन हाय' म्हणून दिसतो आणि तुम्हीच दचकता. फोनांच्या बाबतीत तर आता तेवढाही भरवसा उरलेला नाही. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला एक बनवलेला ॲड्रेस देतात, तोही कोणी माग काढू नये म्हणून मुद्दाम. ॲड्रेसमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो सहसा असा बनवलेला असतो. सेटिंग बदललं की तोच फोन दुसऱ्या ओळीत नव्याने उगवतो.

'यादीत आहे म्हणजे आत्ता जोडलेलं आहे' हेही चूक. बऱ्याच राउटरांवर समोर येते ती वाटलेल्या आयपी ॲड्रेसांची, म्हणजे राउटरने उपकरणांना दिलेल्या तात्पुरत्या पत्त्यांची यादी. ॲड्रेस ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, अनेकदा २४ तासांसाठी. काल रात्री जेवायला आलेला मित्र आज दुपारीही तिथे दिसू शकतो. आत्ता जोडलेली उपकरणं पाहायची तर वायरलेस विभागातली वेगळी यादी उघडावी लागते. उलट, कोणी आपला स्वतःचा राउटर तुमच्या राउटरला वायरने जोडला असेल, तर त्याच्यामागचे पाच फोन मिळून सहसा एकच ओळ दिसते. पीजीत हे हमखास होतं.

स्कॅन करणाऱ्या ॲपांचंही तसंच. नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ॲपांना इतरांचे मॅक ॲड्रेस सहसा मिळतच नाहीत. शिवाय होस्टेलच्या नेटवर्कवर उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतील, तर ॲपला तुमचा फोन आणि राउटर एवढंच दिसेल. त्यावरून 'दुसरं कोणी नाही' असा निष्कर्ष काढू नका.

ओटीपीची भीती सगळ्यात जास्त पसरते आणि सगळ्यात कमी खरी आहे. एसएमएसने येणारा ओटीपी मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून येतो. वायफाय कॉलिंग चालू असलं, तरी तो कुलूपबंद बोगद्यातून येतो. बँकेच्या ॲपचा संवादही एन्क्रिप्ट केलेला असतो. नेटवर्कवर आलेल्या आगंतुकाला दिसू शकतं ते वेगळंच: लॅपटॉपवर शेअर केलेलं फोल्डर, प्रिंटर, टीव्ही. आणि खरा धोका म्हणजे राउटरचा ॲडमिन पासवर्ड खालच्या स्टिकरवरचाच राहिलेला असणं. तो माहीत असलेला माणूस राउटरमधलं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं सेटिंग, बदलून तुम्हाला भलत्याच साइटवर नेऊ शकतो. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही.

ब्लॉक करून काय होतं? मॅक ॲड्रेस बदलून तोच फोन परत येतो. नाव लपवलं तरी फोन जोडला जाताना ते हवेतून जातंच, आणि तुमचाच फोन बाहेर जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

संशय असेल तर वायफायचा पासवर्ड बदला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा, कारण त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. पासवर्ड बदलला की सगळे बाहेर पडतात. मग घरातल्यांनी एकेक उपकरण जोडायचं आणि दर वेळी कोणती ओळ वाढली ते कागदावर लिहायचं. जी ओळ कळणार नाही, तिच्यासाठी घरातली उपकरणं एकेक करून बंद करत जायचं. आमचा बल्ब असाच सापडला: बटण बंद केलं आणि काही मिनिटांत ओळ गेली.

पासवर्ड बदलल्यावर आमच्याकडे अकरांपैकी दहा उपकरणं परत जोडली गेली. अकरावा एका रूममेटचा जुना टॅब होता. तो कपाटात चार्जिंगला लावून ती गावी गेली होती.