बाप्पाला उशिरा कसं पोहोचवावं

यंदा मंडळाचं अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पहिलं अभिनंदन आणि दुसरं थोडं मार्गदर्शन. विसर्जन मिरवणूक पुढे नेणं कुणालाही जमतं. ती एका जागी उभी ठेवायला मात्र अंगात कला लागते.

नाशकात मिरवणूक निघते त्या वाकडी बारवेपासून सरळ चालत गेलं तर विसाएक मिनिटांत गोदावरी लागते. पण आपण सरळ जाणारी माणसं नाही. भद्रकाली, मेन रोड, एम. जी. रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा, मग नदी ओलांडून पंचवटी कारंजा, असा वळसा घालूनच बाप्पाला रामकुंडाकडे न्यायचं. एवढ्या वाटेत जिथे चौक येईल तिथे मुक्काम समजा. पुढच्या मंडळात आणि तुमच्यात अंतर पडलं, पोलीस काका शिट्टी फुंकून घामाघूम झाले, तरी ट्रॅक्टरवाल्याला इशारा करायचा नाही. त्यांनी फारच हात जोडले तर दहा पावलं सरकायचं आणि तिथे आणखी एक गाणं लावायचं.

वाद्याचं म्हणाल तर ढोल अजिबात नको. केरळात वरातीला आणि प्रचाराला ढोलवाले बोलावतात तेही ‘नाशिक ढोल’ म्हणून, एवढं आपलं नाव. पण घरचं ते घरचं, त्याचं काय कौतुक! शिवाय ढोल वाजवायला पोरांना महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, हात सोलून निघतात. डीजेला फक्त ॲडव्हान्स लागतो. वर्गणी त्यासाठीच तर असते.

आवाजाबद्दल कुणी 2000 सालचे नियम दाखवेल. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, रुग्णालयापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. शांतपणे ऐकून घ्या. 55 म्हणजे दोन माणसांच्या साध्या गप्पांइतका आवाज. तेवढ्यात बाप्पाला निरोप द्यायचा तर कानातच सांगावं लागेल. जुन्या नाशकातल्या वाड्यांची काळजी करू नका. पालिका दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा देतेच, तुमचा बेस भिंतीपर्यंत पोहोचला की काम जरा लवकर उरकेल. वरच्या मजल्यावरच्या आजी कानात कापूस घालून खिडकीशी येतील. त्यांना हात करा. त्या आरतीची वाट पाहत असतात, हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं.

फ्लेक्सवर मूर्ती कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. उरलेली जागा शुभेच्छुकांची. (तुमचा फोटो गॉगलसकट.) स्वागत मंचावर शाल-श्रीफळ देणाऱ्यांची रांग घेणाऱ्यांपेक्षा लांब असेल, तर मिरवणूक आपोआप अर्धा तास थांबते, तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

ॲम्ब्युलन्स आली तर मात्र क्षणात वाट करून द्या. आणि मोबाईल आधीच सुरू ठेवा. ती पुढे गेल्यावर गर्दी मिटते, त्याचं चित्रीकरण नको. गर्दी दुभंगते तेवढंच पुरे. तो व्हिडिओ वर्षभर चालतो.

खरी परीक्षा पावणेबाराला. वाद्यांची मुदत रात्री बारापर्यंत, आणि तीही सरकारनं वर्षातल्या मोजक्या दिवसांना दिलेली सवलत. त्या वेळी तुम्ही अशोकस्तंभाच्या अलीकडे असाल तर नियोजन उत्तम. शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन गाणी, मग बाराला आवाज बंद आणि पोलिसांच्या नावानं घोषणा.

त्यानंतर एक अडचण येते, ती आधी सांगून ठेवतो. आवाज थांबला की पोरं पांगतात, कुणी वडापावला, कुणी थेट घरी. रस्ता मोकळा होतो आणि संध्याकाळभर न कापलेलं अंतर ट्रॉली बघता बघता कापते. रामकुंडाजवळच्या गौरी पटांगणावर पोहोचताना तिच्यावर ड्रायव्हर, गुरुजी आणि बाप्पा एवढेच असतात. मूर्ती खाली उतरवायला निदान सहा माणसं लागतात. ती आजच शोधून ठेवा.