बंदी तारखेची, पाणी आभाळाचं

दर पावसाळ्यात महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला जोराचा पाऊस, त्यानंतरचा रविवार, त्या रविवारी कुठेतरी कुणीतरी वाहून जातं आणि दोन दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यात चार मुलं होती. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला. आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो. बाकी मजकूर ओळखीचाच.

मग वाद. एक बाजू म्हणते, बंदच करा, लोकांना अक्कल नाही. दुसरी म्हणते, सह्याद्री काय सरकारच्या बापाचा आहे? मधूनच कुणीतरी युरोपचा फोटो टाकतं: ‘बघा, तिकडे कशी शिस्त आहे.’ हा तिसरा सूर स्वित्झर्लंडमध्ये बसून वाचताना हसू येतं. इथल्या माणसांची अक्कल काही वेगळ्या मातीची नाही. सँडल घालून हिमनदीच्या कडेला जाणारे आणि सेल्फीसाठी कठडा ओलांडणारे इथेही भरपूर आहेत. फरक आहे तो वाटेच्या मालकीत. इथे प्रत्येक पायवाटेला मालक आहे. मालक म्हणजे सात-बाऱ्यावरचा नव्हे, ती वाट ज्याच्या गळ्यात आहे तो.

१९७९ साली इथल्या लोकांनी सार्वमत घेऊन पायवाटांची जबाबदारी थेट राज्यघटनेत घातली. १९८५ साली त्याचा कायदा झाला. वाटांचं जाळं आखणं, दुरुस्त ठेवणं आणि नकाशावर आणणं हे काम कँटनचं, म्हणजे आपल्या भाषेत राज्याचं. त्या कायद्यात एक मजेशीर कलम आहे: वाट तोडली तर पर्यायी वाट द्यावी लागते, आणि लांब पट्ट्यावर चालायला गैरसोयीचा थर ओतला तरी वाट गेली असंच धरतात. आपल्याकडे वाटेवर सिमेंट ओतलं की विकास झाला असं धरतात.

वाटांचे तीन प्रकार आहेत आणि ते रंगांवरून कळतात. नुसती पिवळी पाटी म्हणजे साध्या बुटांनी, पोराबाळांसकट चालावी अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ तीव्र, काही ठिकाणी अरुंद, दोर किंवा साखळी धरून जायची पाळी येऊ शकते, पाय स्थिर हवा आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे घसारा, बर्फ, थोडं प्रस्तरारोहण, आणि वेळ पडली तर स्वतःचा दोर. पर्यटकाला हे रंग सोयीचे वाटतात. पण त्यांचं खरं काम जबाबदारीची वाटणी करणं हे आहे. पिवळ्या वाटेवर कठडा सडका निघाला तर तो वाट राखणाऱ्याचा दोष. लाल पट्ट्यावर ओल्या मुळावरून पाय घसरला तर तो बहुतेक वेळा चालणाऱ्याचा. तिथे राखणाऱ्याने फक्त फसवे धोके काढायचे, म्हणजे पकडल्यावर हातात येईल असा खुंटा किंवा खालून पोखरलेली कड. निळ्यावर जवळजवळ सगळंच तुमचं. ही वाटणी आधीच झालेली असल्यामुळे अपघात झाला की ‘सगळं बंद करा’ असा धावा करायची गरज पडत नाही.

आपल्या डोंगरांना हे रंग लावून बघा, अवघड नाही. भाजे आणि कार्ल्याच्या पायऱ्या किंवा ठोसेघरची धबधबा बघायची गॅलरी पिवळ्यात जाईल. कळसूबाईच्या शिड्या आणि पाचनईकडून हरिश्चंद्रगड लालमध्ये. नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग आणि पावसाळा सोडून सांदण दरी निळ्यात. पावसाळ्यात सांदणला कुठलाच रंग नाही, ती बंद. ट्रेकर मंडळींच्या डोक्यात हे वर्गीकरण कधीपासून आहे. ते पाटीवर आलेलं नाही, आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते तो माणूस कुठल्याच ट्रेकिंग ग्रुपमध्ये नसतो. तो रविवारी सकाळी घरच्यांना गाडीत घालून निघतो. त्याच्या लेखी भुशीच्या पायऱ्या आणि त्यामागचा धबधबा एकच ‘स्पॉट’ असतो.

भुशी धरण रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं. आपल्याकडच्या कुठल्याही धबधब्यापाशी उभं राहून विचारा: जंगल वनखात्याचं, पाणी पाटबंधाऱ्याचं, रस्ता बांधकाम खात्याचा, भजीच्या टपऱ्या ग्रामपंचायतीच्या, गर्दी पोलिसांची. पण धबधब्याच्या माथ्यावर जाणारी ती वीतभर ढोरवाट कुणाची? कुणाचीच नाही. कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचा फलक होता, पूल मात्र उघडा होता. असा पूल वापरायचा नसेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या फळ्या काढाव्या लागतात किंवा तोंड बंद करावं लागतं. फलक लिहिणाऱ्याची सुटका करतो, पुलावरच्या माणसाची नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण माणसं तिथे मरतात. २७ जुलै १९९९ ला इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेनबाख नावाच्या ओढ्यात कॅनियनिंग, म्हणजे घळीतल्या प्रवाहातून खाली उतरत जाण्याचा खेळ, करणारे २१ जण गेले, त्यातले तिघे मार्गदर्शक. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि पाण्याची भिंत घळीतून खाली आली. शिस्तीच्या देशात, पैसे घेऊन नेणाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली हे घडलं. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सहा जणांना दोषी धरलं. पुढे धोक्याच्या व्यावसायिक उपक्रमांसाठी परवाना आणि विमा सक्तीचा करणारा कायदा आला, तो लागू व्हायला २०१४ उजाडलं. म्हणजे इथेही शहाणपण झटकन आलं नाही, पंधरा वर्षं लागली. आपल्याकडे साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. नोंदणीची तरतूद आहे, पण ती आयोजकांची. स्वतःहून आलेल्या कुटुंबाला ती लागू होत नाही आणि होऊही शकत नाही.

सह्याद्रीतला ओढा एवढा अचानक का फुगतो याचा हिशेब कागदावर करता येतो. वरचं पाणलोट फक्त एक चौरस किलोमीटर धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तो घाटमाथ्यावर जुलैत नवलाचा नाही. खाली बसाल्टचा कातळ, वर वीतभर माती आणि तीही आठवडाभर भिजून तृप्त. समजा ८० टक्के पाणी वाहून आलं, तर ४०,००० घनमीटर झालं, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,००० लिटर. तुलनेला इथला ट्रुमेलबाख धबधबा घ्या: आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तो डोंगराच्या पोटातून आणतो, आणि ते जास्तीत जास्त सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत जातं. तिथे तिकीट, लिफ्ट, बोगदे, कठडे असं सगळं आहे आणि पाण्याला हात लावायची सोय कुठेच नाही. आपण त्याच्या निम्म्या प्रवाहात आंघोळीला उतरतो.

गुडघाभर पाणी फसवं असतं. दोन पायांवर पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने आपटलं तर ढकल साधारण ३५ किलोची होते. वेग तीन मीटर झाला की तीच ८० किलोच्या घरात जाते, कारण ढकल वेगाच्या वर्गाने वाढते. खाली शेवाळलेला कातळ असेल तर पहिल्या आकड्यालाच पाय सुटतो. अशा वेळी माणसं एकमेकांना घट्ट धरून मध्येच उभी राहतात. त्याने पाण्याला अडवणारा पृष्ठभाग वाढतो, आणि एकाचा पाय सुटला की साखळी सुटते. निघायचं ते आधी. आधी म्हणजे कधी? पाणी नितळाचं गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, आवाज जड झाला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागला, यातली एकही गोष्ट दिसली की सामान तिथेच टाकून ज्या काठाला गाडी आहे त्या काठाला. त्यामुळे पहिल्यापासून त्याच काठाला बसावं. प्रवाहाच्या मधल्या खडकावर चहाचा थर्मास उघडणं म्हणजे परतीची वाट पाण्याच्या मर्जीवर सोडणं.

इथे जलविद्युत धरणांच्या खालच्या नद्यांवर पाट्या असतात: हवा छान असली तरी पाणी केव्हाही अचानक वाढू शकतं. सोबत लाटेपुढे पळणाऱ्या माणसाचं चित्र. आपल्या पाट्यांवर ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई’ एवढंच असतं. ‘का’ नसतो. ‘का’ नसलेली मनाई मोडायला फारसं काही लागत नाही, समोर चार जण उतरलेले दिसले की पुरे.

तारखेच्या बंदीबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते. ३१ जुलैपर्यंत मनाई म्हटलं की जुलैतल्या कोरड्या मंगळवारी गावातल्या बाईची भुट्ट्याची टपरी बंद, आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाने ओढा फुगतो तेव्हा अडवायला कोणी नाही. बंदी पावसावर बांधायला हवी, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान राज्याकडे आहे. पुण्याची वेधशाळा पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिकच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देते. चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पीकविम्याच्या कामासाठी राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांपर्यंत पोचलेली आहेत. कमी आहे ती शेवटच्या दोन किलोमीटरची सोय: धबधब्याच्या वरच्या अंगाला एक पर्जन्यमापक, अर्ध्या तासात ठरावीक पाऊस झाला की वाजणारा भोंगा, आणि भोंगा वाजल्यावर फाटक ओढणारा गावातला पगारी माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि तीच सगळीकडे नसते.

पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिणं ही इथली आणखी एक उचलण्याजोगी सवय. युरोपात रूढ असलेला ठोकताळा सोपा आहे: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढाई तासाला ३०० मीटर, उतराई तासाला ५००. आडव्या आणि उभ्या वेळेतली जी मोठी ती पूर्ण घ्यायची, लहान तिची निम्मी, आणि बेरीज करायची. चार किलोमीटर अंतर आणि ७५० मीटर चढ असेल तर अडीच तास अधिक अर्धा, म्हणजे तीन. उतरताना दीड अधिक अर्धा, म्हणजे दोन. एकूण पाच तास, आणि त्यात थांबणं नाही, फोटो नाहीत, शिडीखालची रांग नाही. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकली होती, म्हणजे रांगेचा वेळ चालण्याहून जास्त होऊ शकतो. बारानंतर पायथा सोडणारा माणूस या हिशेबाने धुक्यात अंधार गाठतो. पाटीवर ‘जाऊन-येऊन ५ तास, दुपारी १२ नंतर चढू नये’ एवढं लिहायला रंगाचा एक डबा लागतो.

त्याऐवजी आपल्याकडे निधी येतो तो पायऱ्या आणि रेलिंगचा. गुळगुळीत सिमेंटवर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं. पायरीला बाहेरच्या बाजूला उतार नसला की पाणी पायऱ्यांनाच ओढा समजून वाहतं आणि कडेची माती नेतं. रेलिंगचा नळ जमिनीत घुसतो त्याच जागी गंजतो, वरून मात्र रंगवलेला दिसतो. जुन्या लोकांनी कातळात खोदलेल्या पावठ्या अजून धरून आहेत, कारण टाकीचे घाव खरबरीत राहतात. वाटेला आडवे दगड लावून दर काही पावलांवर पाणी दरीकडे काढून देणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याचं उद्‌घाटन करता येत नाही.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र कुणी समजू नये. एका कोरियन मालिकेतल्या दृश्यामुळे इझेल्टवाल्ड या छोट्या गावाच्या धक्क्यावर इतकी झुंबड उडाली की २०२३ पासून तिथे फिरतं फाटक लावून पाच फ्रँक घेतात. लाउटरब्रुनेनच्या दरीत वाहनांची रांग लागते आणि गावकरी वैतागलेले असतात. डोंगर पोखरून ३,४५४ मीटरवर रेल्वे नेणाऱ्यांनी सह्याद्रीतल्या रोपवेबद्दल कुणाला उपदेश करू नये. शिवाय अपघातानंतर भर पावसात, स्वतःचे दोर घेऊन, नोकरीवरून रजा टाकून दरीत उतरणारे शिवदुर्गसारखे स्वयंसेवक हे आपल्याकडचं वैभव आहे. इथे १४१४ फिरवला की हेलिकॉप्टर येतं. आपल्याकडे माणसं येतात, आणि त्यांच्या विम्याचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आपल्याकडे मालक सापडलेली एक जागा आहे, कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, आजूबाजूच्या गावांची समिती आली, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, उपद्रव शुल्क. भांडणं तिथेही संपलेली नाहीत. जांभ्यावरच्या बोटभर मातीत फुलं येतात, ती तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपण घातलं. मग गुरं थांबली आणि उंच गवत माजून फुलं दबली अशी ओरड झाली, आणि कुंपण काढावं लागलं. चूक झाली, कुणाची ते कळलं आणि ती दुरुस्त करायला माणसं जागेवर होती. भुशीच्या मागच्या ढोरवाटेवर अशी चूक कुणाच्या नावावर लिहायची, हे अजून कोणत्याच आदेशात आलेलं नाही.