नाकर्तं नाक

माझं नाक दिसायला ठीकठाक आहे. चष्मा नीट बसतो, सर्दीही वेळच्या वेळी होते. पण व्हिस्कीच्या ग्लासात घातलं की त्याला दोनच वास येतात, एक बामचा आणि दुसरा नवीन पॉलिश केलेल्या कपाटाचा. बाकी दुनियेला म्हणे त्याच ग्लासात व्हॅनिला, चेरी, जुनं चामडं, तंबाखू, भाजलेले पेकान असं काय काय सापडतं. आता पेकान मी जन्मात खाल्लेलं नाही, ते मला सापडणार कुठून?

झालं असं की भाचा केंटकीत लुइव्हिलला नोकरीला आहे, तो दिवाळीला इंदूरला आला आणि येताना "मामा, खास तुझ्यासाठी" म्हणत दोन बाटल्या घेऊन आला. ड्यूटी फ्रीत दोन लिटरची मुभा, त्यात दोन बाटल्या बरोब्बर बसतात, पोराचं गणित पहिल्यापासून पक्कं. एक बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, वाइल्ड टर्की १०१. दुसरी आयरिश, रेडब्रेस्ट, १२ वर्षांची. म्हणजे एक जंगली टर्की आणि एक रॉबिन, दोन्ही पक्षीच, आणि सोबत ट्यूलिपच्या कळीसारखे खाली फुगीर वर निमुळते चार ग्लास. "आणि मामा, प्लीज, गटागट नको. टेस्टिंग कर. नोट्स काढ." इथून माझे भोग सुरू झाले.

आधी उच्चारावरून गोंधळ. मी बोरबॉन म्हणालो तर आईनं चहा टाकला, तिला वाटलं बिस्किटं आलीत. भाचा म्हणाला बर्बन म्हण. नाव केंटकीतल्या बर्बन काउंटीवरून पडलं की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, यावर तिकडे अजून भांडणं आहेत, पण कुठूनही गेलात तरी गाडी फ्रान्सच्या राजघराण्यापाशीच थांबते. त्यासाठी लांब कशाला जायचं, त्या घराण्याशी नातं सांगणारं बोरबॉन आडनावाचं एक कुटुंब आपल्या भोपाळातच आहे, पण हे मी मध्येच सांगितल्यावर भाच्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

मग त्याचं लेक्चर. बर्बन अमेरिकेतच बनायला हवी, १९६४ साली त्यांच्या संसदेनं तसा ठरावच केला. धान्यात किमान ५१ टक्के मका. मका म्हटल्यावर मी सावरून बसलो, कारण सराफ्यात रात्री अकराला उभ्यानं भुट्ट्याचा कीस खात मोठा झालेला माणूस मी, मक्यात मला कोण शिकवणार? हुंगलं. मका नाहीच. बाम. पुढे तो म्हणाला की ती मुरवायला ओकचं कोरं करकरीत पिंप लागतं, आतून जाळून कोळसा केलेलं, आणि या कंपनीवाले तर इतकं जाळतात की आतली बाजू मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची होते. आणि ते पिंप बर्बनला एकदाच वापरायचं. एकदाच! इथे बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्याकडे डालड्याचा एक डबा आहे, त्यात आधी तूप होतं, मग रवा, मग माझ्या मुंजीतल्या सुपाऱ्या, आता तुळस आहे.

"मग त्या पिंपांचं काय करतात?" तिनं विचारलं.

"आयर्लंड, स्कॉटलंडला विकतात मामी. ही दुसरी बाटली तशाच जुन्या पिंपांत मुरते, बर्बनच्या आणि शेरी वाइनच्या."

तेव्हापासून घरात आयरिश लोकांबद्दल आदर आहे. त्यात त्यांची अजून एक गोष्ट कळली. त्यांच्या व्हिस्कीला सातू, म्हणजे जव लागतो, तोही मटकीसारखा मोड आणून वाळवलेला, तर इंग्रज सरकारनं या मोडाच्या सातूवर कर लावला, म्हणून आयरिश लोकांनी त्यात बिनमोडाचा सातू मिसळायला घेतला. कर वाचला तो वाचला आणि वर चव अशी निघाली की आज तीच त्यांची शान आहे. बायको म्हणाली हे लोक आपल्यातलेच दिसतात.

(व्हिस्कीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई घालायचा की नाही यावरही आयरिश आणि स्कॉच लोकांचं वाजलेलं आहे. देवनागरीत लिहा, मिटलं.)

टेस्टिंगला तीन मित्र बोलावले. गच्चीवर सतरंजी, कागद, पेन, प्रत्येकापुढे कळीचा ग्लास. मी पद्धत समजावून सांगितली की नाक एकदम आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवायचं, पहिला घोट जिभेच्या ओळखीपुरता म्हणून तो धरायचा नाही, दुसरा चावल्यासारखा तोंडभर फिरवायचा. बँकवाल्या मित्रानं बाटली हातात घेतली, १०१ आकडा पाहिला आणि गहिवरला. "भिया, शगुनाची आहे रे ही तर!" मी सांगितलं की ते प्रूफ आहे, त्याचं निम्मं केलं की टक्के निघतात, साडेपन्नास. "निम्मं कशाला करायचं? आहेर काय निम्मा देतो का अपन?" दुसरा सोडा शोधत होता. तिसऱ्यानं पिशवीतून पुडा काढला, अर्धा किलो लौंग सेव.

तिथेच मी उठायला हवं होतं. पण मी बोलायच्या भरात होतो. मी त्यांना एनियस कॉफीची गोष्ट सांगत होतो, की हा गृहस्थ आयर्लंडातला एक्साइज अधिकारी, आपल्याकडे असा माणूस रिटायर झाला की सोसायटीचा सेक्रेटरी होतो, ह्यानं नोकरी सोडून दारू गाळायचं यंत्र काढलं आणि १८३० साली पेटंट घेतलं, भट्टी न थांबवता सलग चालणारं. आयरिश लोक म्हणाले ह्याच्या दारूला चव नाही, आम्ही आमची तांब्याची भांडीच वापरणार, तीनतीनदा गाळणार. स्कॉच लोकांनी ते यंत्र उचललं आणि बाजार खाल्ला. पुढे आयरिश धंद्यावर बाकीही संकटं आली आणि गेल्या शतकात एक वेळ अशी आली की अख्ख्या बेटावर फक्त दोन डिस्टिलऱ्या उरल्या होत्या. गोष्ट संपली तेव्हा सेवही संपत आली होती. "कॉफी नावाच्या माणसानं दारूचं मशीन काढलं?" एवढंच एकानं विचारलं.

मग घोट घेतले. बर्बन छातीत उतरली, तिथे त्या ऊबेला केंटकीची मिठी म्हणतात, आमच्या बँकवाल्याला मिठी जरा जास्तच घट्ट बसली, तो दोन मिनिटं बोललाच नाही. नंतर आयरिश, ती मऊ, गोडसर, भांडण न करता उतरणारी. शेवटी कागद गोळा केले. बर्बन: लवंग. आयरिश: लवंग. मधे तोंड धुवायला दिलेलं पाणी: त्यातही एकाला लवंग.

भाच्याला काय कळवणार? मी ठरवलं नाकाला तालीम द्यायची. रात्री सगळे झोपल्यावर मिसळणाचा डबा उघडला, डोळे मिटले आणि एकेक वाटी हुंगत बसलो. धणे-जिरे ओळखले, मेथीला हळद म्हणालो. साडेअकराला दिवा लागला. बायको.

"अहो, हिंग आहे तो. झाकण लावा, वास उडतो." आणि दिवा बंद करून गेली. एक प्रश्न नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस काय काय बघून घेतो.

पण तिच्यामागे आई उभी होती. आई एकोणऐंशीची. कानाला मशीन आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण आतल्या खोलीत जप करताना ती ओट्यावरचं तूप नाकानं सांभाळते, "झालं ग, उतरव" म्हणते आणि खरंच त्याच क्षणाला ते झालेलं असतं. सेकंद इकडचा तिकडे नाही.

"काय रे हुंगतोयस मघापासून?"

टेबलावर दोन्ही ग्लास भरलेले. लपवायला वेळ नव्हता. तिनं पहिला उचलला, नाकापासून चांगला वीतभर लांब धरला (मला भाच्यानं हे तीनदा सांगितलं होतं) आणि म्हणाली, "गूळ करपलाय. चिक्कीचा पाक जरा पुढे गेला की येतो तसा. लाकडाची चूल असणार."

मी गार. पिंप जाळताना लाकडातली साखरच तर करपते, बर्बनचा सगळा कॅरॅमल तिथून येतो.

दुसरा ग्लास. जरा जास्त वेळ लागला. "सातूचं पीठ. गूळ-दूध घालून कालवलेलं. आणि मनुका आहेत, जुन्या, डब्याच्या तळाशी चिकटलेल्या असतात बघ, तशा." मग ग्लास खाली ठेवून, "तुला कसला येतोय?"

"बामचा."

"मग झोप."

मी तिचे शब्द तसेच्या तसे भाच्याला पाठवले, नाव अर्थात माझं. त्याचं उत्तर आलं, "मामा!! तू छुपा रुस्तम निघालास."

आईनं हा विषय पुन्हा काढला नाही. गेल्या गुरुवारी भजनाच्या बायका आल्या होत्या, उकाड्यावरून बोलणं निघालं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या की नातवाला ऊन फार बाधतं, काय द्यावं कळत नाही. आई जपमाळ ओढत शांतपणे म्हणाली, "आमच्या बाळूला सातू मानवतो. रोज संध्याकाळी थोडा घेतो. बारा वर्षं मुरलेला आहे."

"बारा वर्षं! लोणच्यासारखा?"

"भाच्यानं आणलाय बाहेरून."

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकूंचा नातू, हातात स्टीलची वाटी, वर झाकण.

"काका, आजीनं सांगितलंय थोडा सातू द्या. आणि दुधात घ्यायचा का पाण्यात, तेपण विचारलंय."