थकबाकी, स्वल्पविराम आणि भाचा

खजिनदार काकांनी मुलुंडच्या आमच्या सोसायटीची थकबाकी नोटपॅडमध्ये टाइप करून आणली. फ्लॅटच्या क्रमाने, ओळीला एक आकडा. एक्सेल त्यांना चालत नाही. चौकटीत कोंडल्यासारखं वाटतं म्हणे. "नुसती बेरीज हवी रे!"

सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, मी सीमध्ये करतो." सी म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, दुसऱ्या कशात करायला तो तयारच नव्हता.

डेनिस रिचींनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी घडवली, तेव्हा '१,८५०/-' असं लिहिणारा खजिनदार त्यांच्या डोळ्यांसमोर नसावा. फाइलमधून आकडे वाचणाऱ्या सीच्या एफस्कॅनएफने पहिल्या ओळीतला '१' उचलला आणि स्वल्पविरामाशी गाडी अडली. तोंडाने तक्रार नाही. आकडा मिळाला तर १, नाही मिळाला तर ०, फाइल संपली तर ईओएफ (एन्ड ऑफ फाइल) ही खूण, एवढं ते परत सांगतं. पण ते ऐकायचं कोणी? भाच्याचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग, त्याच स्वल्पविरामावर डोकं आपटत राहिला आणि दर आपटीला थकबाकीत एक रुपया वाढत गेला.

काका खूश. "बघ, मी म्हणत होतो ना, बरीच आहे!"

स्वल्पविराम उडवले, तिरक्या-आडव्या रेघाही उडवल्या. तरी अडलं. अर्धी फाइल काकांनी मराठी कीबोर्डवर टाइप केली होती आणि एफस्कॅनएफला 'आकडा वाच' असं सांगणाऱ्या पर्सेंट डीला इंग्रजी आकड्यांपलीकडे अक्षर कळत नाही.

"मुंबईत राहून मराठी येत नाही?" काकांचा आवाज एकदम वार्षिक सभेतला झाला.

मग शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा शोधून बदलणं आलं. ते कंटाळवाणं काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे.

शेवटी बेरजेसकट यादी निघाली आणि काकांनी ती लगेच नोटीस बोर्डावर लावलीसुद्धा. त्यात शेवटच्या फ्लॅटची रक्कम दोनदा! भाच्याने लूपला 'फाइल संपेपर्यंत' म्हणून एफईओएफची अट घातली होती. पण फाइल संपली हे एफईओएफला आधी कळत नाही, पलीकडे वाचायला जाऊन हात रिकामा आला की कळतं. काकांनी शेवटी एन्टर मारलेला. त्यामुळे एक फेरी जास्त झाली आणि मागचाच आकडा पुन्हा छापला गेला. एफस्कॅनएफ १ देतंय तोवरच फिर, एवढी अट पुरली असती.

ती बदलेपर्यंत शेवटच्या फ्लॅटमधल्या काकू दारात हजर.

"अहो, एकदाचे भरले नाहीत अजून, दोनदाचे कुठून भरू?"